पूजेतून वगळलेला संगणक

मित्रांनो, मी पारनेरच्या एका कॉलेजच्या ऑफिसातला जुना संगणक आहे. टपालाच्या ट्रेमागे डोकावलात तरच मी दिसेन. माझा पडदा पिवळट पडला आहे, आतला पंखा घरघरतो आणि माझ्या डोक्यावर चहाचे रिकामे कप ठेवण्याची पद्धत पडली आहे. आपला स्वभाव भला आहे असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण मी जात्याच हेवेखोर आहे, आणि माझा सारा हेवा एका मोबाईलवर आहे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. नगरच्या एका दुकानदाराने पाच-सहा खोक्यांतले भाग काढून मला जुळवलं. आमचे हेडक्लार्क काकासाहेब मला जीपमधून मांडीवर घेऊन आले. भाळवणीच्या पुढे खड्डा लागला की ते ड्रायव्हरवर ओरडायचे, "हळू रं बाबा, लेकरू हाय मांडीवर!" दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या ऑफिसात कामाच्या हत्यारांची पूजा होते. त्या वर्षी सगळ्यात मोठी झेंडूची माळ मला मिळाली. शिक्के, कात्री, कुलपं, सारे माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, हे असंच चालायचं.

पुढे राळेगणसिद्धीहून सत्यशीलाबाई क्लार्क म्हणून आल्या. एका बोटाने अक्षरं शोधता शोधता त्या माझ्यावरच मराठी टायपिंग शिकल्या. प्रवेशाच्या याद्या, दाखले, निकाल सगळं आम्ही दोघांनी मिळून केलं. घरी जाताना त्या मला पदराने पुसत. खिडकीच्या जुन्या पडद्याच्या निळ्या कापडाचं कव्हरही त्यांनी मला शिवलं होतं. त्या कव्हराखाली मला राजासारखी झोप लागायची.

मग त्यांच्या पर्समध्ये मोबाईल आला. दिसायला चकचकीत, अंगाने पापडासारखा, आणि कौतुक म्हणाल तर दिवसभर! माझी कामं एकेक करून त्याच्याकडे गेली. तेही मी सोसलं असतं. पण एके दिवशी बाईंनी माझं निळं कव्हर उसवलं आणि त्या कापडाचा त्याच्यासाठी बटवा शिवला. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात जी आग पडली ती कुठल्याही पंख्याने विझणारी नव्हती.

यंदा विद्यापीठाने ऑनलाईन संगणक प्रशिक्षण काढलं. कर्मचारी आणि विद्यार्थी यांची बॅच एकच. त्यामुळे सत्यशीलाबाई आणि बी.ए.ची इन्शा एकाच वर्गात आल्या. इन्शा वडिलांच्या मोबाईलवर शिकायची, बाई त्यांच्या लाडक्यावर. त्यातले सर सांगायचे, "याला फोल्डर म्हणतात, फाईल अशी जोडायची." बाई मान डोलवायच्या. अहो, ते फोल्डर, त्या फाईली माझ्या पोटात वर्षानुवर्षं पडून आहेत! माझ्याच घरच्या गोष्टी बाई परक्याच्या तोंडून ऐकत होत्या, आणि मी समोर ढिम्म बसलो होतो.

शिकणं मात्र त्यांना भाग होतं. काकासाहेब महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. परीक्षा पास झाली तर त्यांची खुर्ची बाईंना मिळणार होती. नापास झाल्या तर खुर्चीवर बाहेरचा माणूस येणार आणि बाईंची बदली संस्थेच्या राजूरच्या शाखेत होणार. राजूर तिकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरात, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रोज जाऊन येऊन करणं शक्यच नव्हतं. परीक्षा दसऱ्यानंतर होती, म्हणून बाई निर्धास्त होत्या.

खंडेनवमी आली. काकासाहेबांची ही शेवटची पूजा, त्यामुळे उत्साह दांडगा. लॅबमधल्या नव्या संगणकांना त्यांनी सकाळीच फुलं वाहिली आणि दाराला कुलूप घातलं. ऑफिसात पाट मांडून त्यावर शिक्के, पंचिंग मशीन, स्वतःचा फोन आणि मधोमध बाईंचा मोबाईल ठेवला. त्याला कुंकवाचं बोट लावलं, तोंडावर टपोरा झेंडू ठेवला.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका, ह्याला पण लावा की."

"त्याला कशाला? दिवाळीनंतर भंगारातच जायचाय त्यो. कुंकू उगं वाया."

बाईंनी उदबत्ती लावली. मोबाईल फुलाखाली गुरगुरत होता. लाडात आलाय मेला, असं मी मनात म्हटलं.

दुपारी बाकीची मंडळी सुट्टीसाठी घरी गेली. बाई आणि काकासाहेब आवराआवर करत होते, तेवढ्यात इन्शा धापा टाकत आली.

"मॅडम, तुमी अजून हितंच? परीक्षा आजच हाय! तारीख बदलली. तुमची चारला, माझी पाचला. मेसेज न्हाई का बघितला?"

फुलाखालची गुरगुर कसली होती ते आता कळलं. बाई पाटाकडे धावल्या. मोबाईलवर हात पडणार तोच काकासाहेब आडवे आले.

"सत्यशीला, पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापत्तोर उठवायचं नसतं. तुला म्या सांगायला पायजे व्हय?"

बाईंना ते ठाऊक होतं. त्यांच्या घरी आज विळासुद्धा पाटावर होता, सकाळी भाजी न चिरता आमटीवर भागवलं होतं. त्यांचा हात हवेतच थांबला. डोळे भरून आले.

"काका, मग राजूरला जाऊ का मी? आईंना कोण बघंल?"

काकासाहेबांनी टोपी काढली, परत घातली. स्वतःच मांडलेल्या पूजेने त्यांना कोंडीत धरलं होतं. मला आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? म्हटलं, घ्या, बसवा अजून मखरात! पण बाईंनी डोळे पुसायला तोच पदर उचलला ज्याने त्या मला पुसायच्या, आणि माझं हसू आटलं.

इन्शा इकडेतिकडे बघत होती. माझ्या डोक्यावरचे कप उचलत ती म्हणाली, "मॅडम, ह्याला कुठं कुंकू लावलंय? ह्यो न्हाई ना पूजेला बसलेला!"

काकासाहेबांनी वाकून माझा पडदा निरखला. मग म्हणाले, "आरं तिच्या! व्हय की. ह्यो मोकळाच हाय."

माझी नेटची वायर काढायचीही कुणी तसदी घेतली नव्हती, ते बरंच झालं. बाईंनी बटण दाबलं. माझ्या मनात आलं, उठूच नये. आता गरज पडली तेव्हा मी आठवलो! पण त्यांची बोटं कळांवर टेकली, आणि ती बोटं मी कधीच विसरलो नव्हतो. मी खोकत, घरघरत जागा झालो. परीक्षेचं पान उघडायला मी इतका वेळ लावला की काकासाहेबांनी खंडोबाला नारळ बोलला.

पान उघडलं आणि ओटीपी मागू लागलं. तो आकडा येणार मोबाईलवर! काकासाहेबांनी दोन बोटांनी झेंडू अलगद बाजूला केला. "उचलायचं न्हाई. वाचायला बंदी न्हाई," असा निवाडा देऊन त्यांनी वाकून आकडा वाचला. बघा, बसल्या जागेवरूनही त्याने माझ्या कामात वाटा घेतलाच!

पुढे मात्र सारं आमचं होतं. मराठीत पत्र लिहायचं होतं, तक्ता करायचा होता, फाईल जोडून पाठवायची होती. एकदा मी मध्येच गोठलो. बाईंनी माझ्या खोक्यावर पूर्वीसारखी हलकी थाप मारली आणि मी चालू लागलो. शेवटी पडद्यावर "उत्तीर्ण" अशी अक्षरं उमटली.

बाई उठल्या, कुंकवाची कोयरी घेतली आणि बोट बुडवून माझ्याकडे आल्या. मित्रांनो, किती वर्षांनी! ते लाल बोट माझ्या कपाळाशी आलं.

"थांब!" काकासाहेब ओरडले. "आता लावलंस तर ह्यो पण बसंल. पोरीचा पेपर ऱ्हायलाय न्हवं?"

इन्शा दारात उभी होती. "अब्बा फोन घेऊन टेम्पोवर गेलेत, मेसेजचा निरोप त्यांनीच धाडला," ती हळूच म्हणाली. "आकडा मी ऑफिसच्या फोनवरून त्यांना विचारीन. पण मशीन न्हाई माझ्याकडं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते बोट त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावलं, पदराने माझा पडदा पुसला आणि खुर्ची इन्शाकडे सरकवली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पाटावरच्या मोबाईलकडे बघून जीव जळला का? जळला. पण तो फुलाखाली बसून राहिला, आणि माझ्यावर इन्शाची बोटं धावू लागली. तिची बोटं नवखी होती, घाबरलेली होती. तिच्यासाठी मी एकदाही गोठलो नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्याचं बटण दाबून बघा. फूल राहिलं तरी चालेल, पण फडकं मारायला विसरू नका. आणि फडकं मारायला घ्याल तेव्हा आधी आमच्यावरून फिरवा, मोबाईलवरून मग!