घरगुती मॉड्यूल

माझा नवरा इंद्रजीत पोळ्यासुद्धा कोपऱ्यावरून विकत आणतो. त्याच्या सिंथेसायझर या वाद्याचं एकेक मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारं खोकं, मात्र त्याला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुटे भाग आणून घरीच जोडायचं असतं. जेवायचं टेबल त्यातच गेलं. शेवटी वैतागून मी त्याच्या वाढदिवसाला तयार मॉड्यूल आणलं.

"वा, छान वाजतंय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहते, तर पठ्ठ्याने ते खोलून सगळे भाग सुटे केलेले! मी तोंड उघडायच्या आत त्याने गरम सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं.

"तू आणलंयस ना? मग तूच जोड. मी धरतो."

बोट भाजलं, रविवार गेला. आता ते पहिल्यापेक्षा वाईट वाजतं. पण तसं कोणी म्हणून तर बघावं!