काटा नऊवर थांबला

मी लोलक हातोडा बोलतोय. वीस किलोचं डोकं, लोखंडी दांड्याच्या टोकाला बसवलेलं. मला उंच चढवतात, खटका ओढतात आणि मी झोकात खाली येऊन समोरचा पोलादाचा बोटभर तुकडा मोडतो. तुकड्याने माझा मार किती सोसला, ते तबकडीवरचा काटा सांगतो. मोडणं हाच माझा धंदा, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

अणुसंशोधन संस्थेच्या चाचणी विभागात मला बसवलं, तेव्हा माझ्याभोवती जाळी नव्हती. पहिल्याच वर्षी एका मेकॅनिकने तिरका बसलेला तुकडा सरळ करायला हात घातला आणि त्याचा कोपर खटक्याला लागला. मला मधेच थांबता येत नाही. तो मनगटापासून लोंबणाऱ्या स्वतःच्या हाताकडे नुसता बघत राहिला. पुढच्या आठवड्यात जाळी आली. माणसांचं हे असंच. आधी हात जातो, मग जाळी येते.

नंतर मला चालवायला बाई आल्या. थंडीत पोलाद ठिसूळ होतं का ते बघायला गारठवलेल्या स्पिरिटमधून चिमट्याने तुकडा उचलायच्या, पाच मोजायच्या आत माझ्यासमोर ठेवायच्या आणि खटका ओढायच्या. इतर लोक माझ्या दणक्याला डोळे मिटतात. बाईंची पापणी हलत नसे. अकरा वर्षं आमचं छान जमलं.

बाईंचे सासरे त्याच संस्थेत मुख्य वेल्डर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी जोडलेला सांधा मला कधी नीट तोडता आला नव्हता. तुकडा वाकायचा, चिवटपणे धरून राहायचा आणि माझा जीव काढायचा. मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

मग नव्या दाबपात्राचं काम निघालं. अणुभट्टीत लागणारी उपकरणं तापवून, दाबून तपासायची जाड पोलादी टाकी. विभागाच्या साहेबांना ती ठरल्यापेक्षा महिनाभर आधी हवी होती. उस्तादांनी तिच्या सांध्याच्या नमुन्याचे तीन तुकडे स्वतः आणून टेबलावर ठेवले.

"घे सूनबाई, मोड तुझ्या हातोड्याने. मोडला तर!"

पहिला तुकडा खडूसारखा उडाला. काटा नऊवर थांबला. पाहिजे होते चाळीस. दुसरा अकरा, तिसरा पुन्हा नऊ. मोडलेली बाजू साखरेसारखी चकाकत होती. चिवट पोलाद असं चकाकत नाही, हे उस्तादांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

बाईंनी प्रमाणित तुकडा लावला. आकडा जिथे यायचा तिथेच आला. "बाबा, यंत्र ठीक आहे. घाईत वेल्डिंगचे जाड थर दिलेत का तुम्ही?"

उस्तादांनी टेबलावरचा पाना उचलला आणि माझ्या तबकडीवर घातला. काच फुटली, तिची कपची त्यांच्याच तळव्यात घुसली, फरशीवर रक्त सांडलं. बाईंनी रुमाल पुढे केला. त्यांनी तो झिडकारला. "माझ्या घरचं खातेस आणि इथे माझं नाक कापतेस?"

साहेब आले. तबकडीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "पंचेचाळीस लिहा."

"नऊ आलेत, साहेब."

"मग सही दुसरा कुणी करेल."

आणि दुसऱ्या कुणीतरी केली.

चाचणीचा हॉल माझ्या खोलीला लागूनच. मधे पत्र्याची भिंत आणि एक काचेची खिडकी. टाकी दाबून तपासायची होती त्या सकाळी हवा इतकी गार होती की खिडकीवर दव जमलं होतं. टाकीत तसंच गार पाणी भरलं आणि टाकीजवळच्या पंपावरच्या पंपवाल्याने दाब चढवायला सुरुवात केली. बाकी सगळ्यांनी काँक्रीटच्या भिंतीमागे उभं राहायचं असा नियम होता. उस्ताद मात्र टाकीला खेटून, हाताची घडी घालून उभे. "माझ्या हातचा सांधा आहे. मी लपणार नाही."

बाई धावत गेल्या. "बाबा, मागे चला."

"नाही."

घरात ज्यांचा आवाज कधी चढला नाही, त्या बाईंनी सासऱ्यांची कॉलर धरली आणि खेचलं. उस्तादांनी ढकललं. बाई खांबावर आपटल्या, ओठ फाटला. त्या उठल्या, कमरेला मिठी घालून त्यांना अक्षरशः फरफटत भिंतीआड नेलं. जाताजाता पंपवाल्याला ओरडल्या, "तूही ये!"

"साहेबांनी सांगितल्याशिवाय पंप सोडता येत नाही, बाई," तो म्हणाला.

तेवढ्यात टाकी फुटली.

मी आयुष्यभर दणके दिलेत, पण तसा दणका माहीत नव्हता. पाया उसळला. मी खटक्यातून सुटून रिकामाच हेलकावे खाऊ लागलो. पोलादाची परातीएवढी चकती पत्र्याची भिंत फाडून आली आणि माझ्या खांबात रुतली. फाटलेल्या भिंतीतून पाणी आत आलं. आधी स्वच्छ होतं, मग लाल झालं. पंपवाला पंपापाशीच मेला. त्याच्या बायकोला कुणी सांगायचं यावर हॉलमध्ये बराच वेळ वाद चालला. शेवटी ओठाला कापूस लावून बाईच गेल्या.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, हातोडा चुकीचे आकडे दाखवत होता. समितीने उस्तादांना विचारलं. त्यांनी फुटलेल्या टाकीतून नवे तुकडे कापून मागवले आणि खटका स्वतः ओढला. खांबाला तडा गेला होता, तरी मी जीव एकवटून खाली आलो. तुकडा उडाला, मोडलेली बाजू तशीच साखरेसारखी चकाकली.

उस्ताद फरशीवर बसले. "यंत्र खरं बोललं," ते म्हणाले. "घाई साहेबांची होती, पण हात माझा होता. पंपवाल्याला मी मारलं." बाई शेजारी बसल्या. "बाबा, उठा," एवढंच म्हणाल्या.

साहेबांची खुर्ची गेली. उस्तादांनी पुन्हा सांधा जोडला नाही.

तडा गेलेल्या हातोड्याचा आकडा कुणी मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. आज मला कापून भट्टीत वितळवायला पाठवणार आहेत. गॅसकटर घेऊन उस्ताद स्वतः आलेत, हे काम त्यांनी मागून घेतलं. बाई दारात उभ्या आहेत.

माझी तक्रार नाही. मी हजारो तुकडे मोडले. त्यांतल्या एकामुळेही कुणाच्या दारात प्रेत आलं नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, मोडायचं असेल ते माझ्यासारख्याच्या समोर मोडू द्या. आणि आकडा नऊ आला, तर नऊच लिहा.

ज्योत पेटली. उस्तादांनी चष्मा खाली ओढला, आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "चल बाबा, आता मोडायची पाळी तुझी."