तीन बोटांचं तोंड

जितेशचे कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करून बघायची सवय किर्तीला आठ महिन्यांत लागली होती. आधी त्याला भाकरीचा घास मोठा वाटू लागला, मग तोंडात तीनच्या जागी जेमतेम दोन बोटं जाऊ लागली. बारवी धरणाजवळच्या त्यांच्या पाड्यात सगळ्यांनी एकच निदान केलं: गुटखा.

गुटखा त्याने सहा वर्षांपूर्वी सोडला होता, मुलीच्या बारशाला, तिच्या डोक्यावर हात ठेवून. म्हणूनच किर्तीला पुडी सापडण्याची धास्ती होती. आजाराला औषध असतं. पोरीची शपथ मोडली असेल तर काय करायचं?

बदलापूरच्या एका डॉक्टरने तोंड न बघताच विचारलं, "दिवसाला किती पुड्या?"

"एकपन नाय."

"सगळे हेच सांगतात. कॅन्सर व्हायच्या आत सोडा."



शेवटी ती त्याला उल्हासनगरला जबड्याच्या सर्जन डॉक्टर राजसींकडे घेऊन गेली. त्यांनी काही विचारलं नाही. हातमोजे घालून त्याचा गाल आतून चाचपला. मग किर्तीला म्हणाल्या, "यांच्या उजव्या कानासमोर बोट ठेवा. जितेश, तोंड उघडा."

तिच्या बोटाखाली बारीक खडी दळल्यासारखं करकरलं. हनुवटी उजवीकडे सरकली.

"गुटख्याने गाल आतून पांढरा पडतो, ताठ होतो, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. यांचा गाल मऊ आहे. अडतंय ते सांध्यात."

"म्हंजे यांनी गुटखा..."

"खाल्लेला दिसत नाही. दिसला असता तर तुमच्यासमोरच झापलं असतं."

जितेशने मान वळवून बायकोकडे पाहिलं. किर्ती भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिली.

एमआरआयमध्ये सांध्यात कण दिसले. सांध्याचं अस्तर कधी कधी कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे, मणी बनवू लागतं, डॉक्टरांनी सांगितलं. गुडघ्यात ते आढळतं, जबड्यात फार क्वचित. "कॅन्सर वाटत नाही. पण खात्री तपासणीनंतरच."

शस्त्रक्रियेला अडीच तास लागले. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या बाटलीत एकेचाळीस पांढरे मणी होते.

"अगं बाई, भिजवलेला साबुदाना!" किर्तीच्या तोंडून निघून गेलं.

जितेश शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "भुवया उचला." कानाजवळची नस शाबूत आहे का, ते पाहायचं होतं. त्याने दोन्ही भुवया नीट उचलल्या. डॉक्टर गेल्यावर पुन्हा एकदा उचलल्या, फक्त किर्तीकडे बघून.

"बस झालं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

दहा दिवसांनी रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. मग व्यायाम सुरू झाला. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. जितेश त्या कारखान्यातही खिशात घालून नेई.

दीड महिन्याने तो म्हणाला, "तुझीच बोटं घालून बघ. माझ्यावर तुझा भरवसा नाय."

तिने तीन बोटं उभी धरून आत घातली. गेली. त्याने हलकेच चावलं.

"आई गं! मेल्या!" ती हसत सुटली.

त्या रविवारी तिने त्याचा शर्ट उचलला आणि खिशाला हात न लावता सरळ बादलीत बुडवला. थोड्या वेळाने पाण्यावर एकेक करत काड्या तरंगू लागल्या.