सातवा काटा

ही मासळी बोटभर लांब, कुशीवर चांदीची पट्टी. उथळ समुद्रात हजारोंच्या झुंडीने फिरते, आणि सगळ्या झुंडी सारख्याच दिसतात. म्हणून जात ओळखायला पोटाखालचे बारीक काटे मोजायचे. सात भरले तर नेहमीची, सहा भरले तर माझ्या सासऱ्यांची.

सासरे आमच्या संग्रहालयात मासळी विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्यांचीच सून झाले. ऑफिसात सर, घरी बाबा. सहाकाटी जात त्यांनी शोधली आणि तिला सासूबाईंचं नाव दिलं. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. नमुन्यांच्या बरणीच्या लेबलावर त्या अजून आहेत.

काटे अंगठ्याने मोजायचे, ही बाबांची शिस्त. "डोळे थापा मारतात," म्हणायचे. त्यांच्या बरणीत हात घालायची आमची टाप नव्हती.

गेल्या आठवड्यात नव्या यादीसाठी फोटो काढायचे म्हणून मी ती बरणी उघडली. भिंगाखाली पाहिलं, तर सात. बाराच्या बारा मासळ्यांना सात. शेवटचा काटा पंखाच्या मुळाशी, अगदी मऊ. बाबांचा अंगठा मासळी टिकवायच्या फॉर्मलिनने केव्हाच बधिर झाला असणार. उकळत्या चहाचा पेला ते सहज धरायचे, आणि आम्ही खुळ्यासारखं कौतुक करायचो.

मला रागच आला. एकदा भिंग लावलं असतं तर काय बिघडलं असतं?

एक मासळी खळखळून धुतली, लेबल घेतलं आणि घरी आले.

"बाबा, ही मोजा."

त्यांनी अंगठा फिरवला. "सहा. आता सुनेने परीक्षा घ्यायची का?"

"पुन्हा मोजा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग डोळे मिटून मासळी खालच्या ओठावरून हळूहळू ओढली. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटली, मूठ उघडली, आणि आणखी दोन मिटली.

त्यांनी मासळी माझ्या हातात परत दिली.

"हिचं नाव खोडणार?"

"नाही. छापलेलं नाव खोडत नाहीत. नेहमीच्या जातीखाली बारीक अक्षरात राहतं, चुकीचं म्हणून."

"म्हणजे चूक माझी आणि नाव तिचं," बाबा म्हणाले. "ती असती तर म्हणाली असती, यात नवीन काय?"

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी लेबल मागून घेतलं आणि काट्यांच्या आकड्यात सहाचे सात केले.