अंकुशचं पथ्य

अंकुशचे वडील पन्नाशी गाठता गाठता हृदयविकाराने गेले. तेव्हापासून मेघाने एकच गोष्ट मनाशी धरली होती. अंकुशने म्हातारं व्हायचं. काठी हातात येईपर्यंत, नातवंडांवर खेकसेपर्यंत जगायचं, आणि त्यासाठी जे लागेल ते तिने करायचं.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर लोकांचं रक्त तिच्या हातून जायचं. तिशीतल्या पोरांचे रिपोर्ट साठीतल्या माणसांसारखे यायला लागले होते आणि त्याचं आता लॅबमध्ये कुणाला नवल वाटत नव्हतं. मेघाला मात्र धास्ती वाटायची, कारण प्रत्येक रिपोर्टमध्ये तिला अंकुश दिसायचा. तो शहरातल्या महाल भागातल्या घरून रोज शहराबाहेर वाडीला जायचा. तिथल्या गोदामात ट्रक रवाना करायच्या टेबलावर दिवसभर बसून असायचा. सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसे, रविवारी तेलात पोहणारं सावजी मटण. चालणं म्हणाल तर गाडीपासून खुर्चीपर्यंत.

मेघाने एकेक गोष्ट काढून घेतली. आधी तेल, मग चहातली साखर, मग बाहेरचं खाणं. संध्याकाळी हाताला धरून गांधीसागर तलावाला चक्कर मारायला नेऊ लागली. प्रत्येक गोष्टीला भांडण, प्रत्येक भांडणानंतर दोन दिवस अबोला. घरात आपण बायको कमी आणि पहारेकरी जास्त झालोय, हे तिला कळत होतं; पण पहारा सोडायची हिंमत होत नव्हती.

राहता राहिला खर्रा. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. ती पुडी अंकुशच्या शर्टाच्या खिशात कायम असायची.

"बाकी सगळं तं सोडलं न वं," तो म्हणाला होता. "एवढं एक राहू दे. नाही तं टेबलावरच झोप लागते मले."

मेघाने विचार केला. सासरे गेले ते हार्टने. खर्रा वाईटच, पण धोका तिकडे आहे. शिवाय तिच्यातली भांडायची ताकद संपत आली होती. तिने ते राहू दिलं.

आणि मग गेल्या दिवाळीच्या सुमारास अंकुशने आपण होऊन तिखट सोडलं. मेघाचं माहेर भिवापूरचं. वडील भैय्याजी मिरची पिकवणारे. घरात दुसरं काही नसलं तरी लाल तिखट असायचंच. त्या घरच्या जावयाने स्वतः म्हणावं, "मले वरण-भातच दे, पातळ करजो," हे तिला खरंच वाटेना. हळूहळू त्याने पोळीही वरणात भिजवून खायला सुरुवात केली. सावकाश खायचा, लहान लहान घास घ्यायचा. हेच तर ती वर्षानुवर्षं सांगत होती. उन्हाळ्यात त्याचं रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल पहिल्यांदाच काबूत आलेलं. संध्याकाळी तिने रिपोर्ट त्याच्यापुढे धरला.

"तुह्या मेहनतीचं फळ आहे," तो म्हणाला आणि थोडंसं हसला. इतकं थोडं की ओठ जेमतेम हलले.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना म्हटल्यावर भिवापूरहून जेवणाचं बोलावणं आलं. अंकुश टाळत होता. ऊन फार आहे, गाड्या सुटायच्या आहेत, सतरा कारणं. शेवटी भैय्याजींनीच फोन केला तेव्हा त्याचा नाइलाज झाला.

पाटावर बसवून त्याला टिळा लावला, नवे कपडे दिले. पाटोडीची रस्साभाजी, आंब्याचा रस, पुरणाचे तळलेले धोंडे. मेघाच्या आईच्या, कौसल्याबाईंच्या, घरची एक रीत होती. पहिला धोंडा सासूने आपल्या हाताने जावयाच्या तोंडात आख्खा घालायचा. तुकडा करायचा नाही.

"आ करा, जवाईबापू."

"द्या माह्या हातात. घेतो मी."

"हातात काहून? आ करा न."

"भाऊजी, तिखट सोडलं म्हणते ताई," मेघाचा भाऊ जितेंद्र भिंतीला टेकून बसला होता. "आता गोडही सोडता का? मंग हवाच खा. हवेत तेल नसते."

सगळे हसले. भैय्याजी म्हणाले, "माह्या पोरीनं पार संन्यासी करून टाकला गा याले."

अंकुशने तोंड उघडलं. धोंडा ओठांना लागला आणि तिथेच थांबला. कौसल्याबाईंनी जरा रेटला. पुरण त्याच्या मिशीला लागलं, हनुवटीवर सांडलं. "पाहा बाई, जवाईबापू लाजून राहिले," त्या म्हणाल्या आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. पुन्हा हशा. अंकुशही हसण्यात सामील झाला, धोंडा हातात घेतला, मोडला आणि चिमटीने तुकडे आत सारू लागला.

मेघा हसली नाही. ती त्याच्या जबड्याकडे पाहत होती. तो लाजला नव्हता. त्याने जेवढं उघडता येईल तेवढं तोंड उघडलं होतं.

जेवणं झाल्यावर तो मागच्या अंगणात हात धुवायला गेला. ती मागोमाग गेली.

"तोंड उघडा."

"काय लावलं आता?"

"उघडा म्हणते न."

त्याने उघडलं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. मेघाने आपली बोटं धरून पाहिली. दोन गेली, तीही घासून. तिने गाल बाजूला ओढला, तर तो ओढलाच जाईना. आतून पांढुरका आणि ताठ, वाळलेल्या कातड्यासारखा. मागे दाढेजवळ एक लालसर खरबरीत चट्टा होता. अंगणभर दुपारचं ऊन होतं, त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. आठ महिने ती या माणसासमोर बसून जेवत होती.

"तिखट लागलं की आग होते?"

"होते. आता तं गरम चहानंही होते."

"म्हणून सोडलं."

अंकुश नळ उघडून उभा राहिला. हात केव्हाच धुऊन झाले होते.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगणारच होतो. पण तू इतकी खूश होती," तो म्हणाला. "पहिल्यांदाच भांडली नाही कितीतरी दिवस. मले वाटलं, राहू द्यावं."

मेघाला रडू आलं नाही. मोठा बोजा उतरवून ठेवावा आणि तो चुकीच्या दारात उतरवला असं कळावं, तसं तिला झालं. तिने त्याचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं होतं. रक्तात तोंडाची बातमी नसते, हे तिला माहीत होतं. पण तोंडात तिने कधी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी ती त्याला घेऊन दाताच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या बाकावर अंकुशच्याच वयाची, काही त्याच्याहून लहान माणसं बसली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरून पाहिलं आणि ताठपणा आता पूर्ण जाणार नाही, म्हणून सांगितलं. औषधं, व्यायाम यांनी थोडं सुटेल.

"पण हा चट्टा मला आवडला नाही. आज तुकडा काढून तपासायला पाठवू. आणि खर्रा आजपासून बंद."

"कमी करतो मॅडम."

"कमी नाही, बंद. या चट्ट्यात काही निघालं नाही, तरी बंद."

तयारी होईपर्यंत त्यांना पुन्हा बाकावर बसवलं. अंकुशचा हात सवयीने खिशाकडे गेला. पन्नी बाहेर आली, बोटांनी ती मळायला सुरुवातही झाली. मग तो थांबला आणि तिच्याकडे पाहू लागला. ती हिसकावून घेईल याची तो वाट पाहत होता. मेघाने हात पुढे केला नाही. आयुष्यभर हिसकावून किती घेणार?

"कॅन्सरच निघाला तं?" त्याने हळूच विचारलं.

"लवकर कळलं तर काढता येतं."

"आणि नाही निघाला तं मी हे सोडीन, असं वाटते तुले?"

"नाही वाटत," ती खरं ते बोलली.

आतून त्याचं नाव पुकारलं. अंकुश उठला. फोन, गाडीची चावी तिच्याकडे दिली. मग पन्नीही तिच्या तळहातावर ठेवली.

"बाहेर आलो की मागीन मी."

"मागा."

"देशील?"

"नाही."

"मंग भांडण होईन."

"होऊ द्या," मेघा म्हणाली. "भांडीन मी."

दार लागलं. पन्नी त्याच्या खिशातली ऊब घेऊन अजून कोमट होती. मेघाने मूठ मिटली, डोकं भिंतीला टेकलं आणि दाराकडे पाहत बसून राहिली.