लाल ठिपक्याचं बटण

मी बटण बोलतोय, आणि जरा घाईनं बोलतोय. पोटात साठलेलं एवढं आहे की नीट क्रमानं येईल की नाही, देव जाणे. सहा वर्षं मी एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसून एकच गोष्ट सांगायची धडपड केली. कुणी ऐकली नाही. माणसं बटणाकडे बघतच नाहीत हो! दिवा लागला की त्यांचं काम झालं.

जन्म माझा कारखान्यातला. पांढरी भुकटी साच्यात दाबली, आत पितळेची पट्टी बसवली, एक बारकी स्प्रिंग घातली, झालो मी तयार. खोक्यात माझ्यासारखीच वीस भावंडं होती. खोकं आलं पिरंगुटच्या बाजारात, इलाहीभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. इलाहीभाईंची एक रीत होती. बटण गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी ते कानाशी धरून दोनदा दाबायचे. आवाज बोदा आला तर बाजूला टाकायचे. माझा आवाज ऐकून म्हणाले, "हे लई वर्षं टिकंल." तेव्हा मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

चौदा वर्षांपूर्वी त्यांनीच मला भरे गावात गेणबांच्या घरी बसवलं. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लाकडी बोर्ड, त्यावर आम्ही पाच जण, मधला मी. माझ्याकडे चुलीवरचा दिवा.

आता एक गोष्ट समजून घ्या, अवघड नाही. विजेच्या दोन तारा असतात. एक करंट घेऊन येते, दुसरी तो परत नेते. बटणाचा पहारा येणाऱ्या तारेवर हवा. तसा असला की मी बंद झाल्यावर करंट माझ्यापाशीच अडतो. पुढं दिव्याच्या होल्डरला हात लावला तरी भीती नाही. इलाहीभाईंनी तसंच जोडलं होतं. येणारी तार लाल, जाणारी काळी, आणि वर गेणबांना बजावलं होतं, "गेणबाभाऊ, ह्यात काय करायचं झालं तर मला सांगा. सोताच्या हातानं नको."

पण गेणबा! माणूस मनाचा वाईट नाही. शेतात राबलेला, शब्दाला पक्का. फक्त 'मला येतंय की' हा एक आजार त्यांना जडलेला. नळ गळू दे, पंप बसू दे, मोटारसायकल अडू दे, गेणबा पक्कड घेऊन पुढं. अंदाजपंचे दाहोदरसे! जमलं तर मिशीवर हात, बिघडलं तर वस्तूच खराब.

सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरामागं भाड्यानं द्यायला चार खोल्या काढल्या. इकडं कंपन्या वाढल्या, परगावची माणसं कामाला आली, गावात ज्याला जागा त्यानं खोल्या बांधल्या. लाइन ओढायची वेळ आली तेव्हा इलाहीभाई मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते. चार दिवस थांबायचं होतं, फक्त चार दिवस! पण गेणबांना दम कुठला? पंपाची काळी वायर उरलेली होती, दोन्ही तारा काळ्याच. मेन स्विचपासून ती ओढली, घराला आणि खोल्यांना दोन्हीकडं जोडली आणि जोडताना तारा उलट्या लागल्या. मग आत येऊन मला दाबलं. दिवा लागला.

"लागला न्हवं? मग झालं!" असं म्हणून गेणबा हात धुवायला गेले.

झालं कसलं, डोंबल! त्या क्षणापासून मी परतीच्या तारेवर. करंट मला न विचारता थेट दिव्याच्या होल्डरात जाऊन बसलेला. मला बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डर जागाच. घरातल्या माणसांना वाटायचं बंद आहे. आणि ते खोटं त्यांना कोण सांगत होतं? मी. माझ्या तोंडानं ते खोटं रोज बोललं जात होतं, दिवसातून वीस वेळा.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. मला काळजी होती ती एकाच माणसाची, सगुणाबाईंची.

सगुणाबाई म्हणजे गेणबांची बायको. बाईला स्वच्छतेचं भारी वेड. नवरात्रात घट बसायच्या आधी घर धुऊन काढायची त्यांची रीत. डबे, फडताळं, देव्हारा, भिंती, आणि भिंतीवरचे दिवेसुद्धा, सगळ्यांवरून सोड्याच्या पाण्याचा ओला कपडा फिरायचा. स्टुलावर चढायच्या आधी त्या मात्र न चुकता विचारायच्या, "अवं, बटण बंद हाय नव्हं?" आणि गेणबा बाजेवरून न उठता म्हणायचे, "व्हय, व्हय."

दर वर्षी तो कपडा वर चढायचा आणि मी खाली तडफडायचो. पण स्टूल प्लॅस्टिकचं होतं, कपडा पिळलेला असायचा, दिवा होल्डरात असायचा आणि बाई वरवर पुसून उतरायच्या. अशी पाच नवरात्रं निभावली. देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात ते खोटं नाही. पण देवानं तरी किती वेळा तारायचं?

मधल्या काळात माझं रूप मात्र सुधारलं बरं का! अमोलचं, म्हणजे गेणबांच्या मुलाचं, लग्न निघालं तेव्हा रंगाऱ्यानं भिंतीबरोबर मलाही पिस्ता रंग फासला. मग सून आली, वैष्णवी. पोरगी हौशी. तिनं चाकूनं रंग खरवडला आणि बोर्डाभोवती मोराचं स्टिकर लावलं. सगुणाबाईंना पाचांतलं कुठलं बटण कशाचं ते आठवायचं नाही. त्या पाचही दाबत सुटायच्या, पंखा काय, मिक्सर काय, सगळं एकदम सुरू! वैष्णवीनं हसत हसत नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझ्यावर लाल ठिपका दिला. "आई, लाल म्हंजे चुलीवरचा दिवा." बाईंची सोय झाली. खोटं का बोलू, मला ठिपका आवडलासुद्धा. पण माझी तगमग वाढलीच. वरून कीर्तन, आतून तमाशा! सगळे माझं तोंड सजवत होते, पाठीमागं बघायला कुणाला सवड नव्हती.

या वर्षी सगळंच जुळून आलं. प्लॅस्टिकच्या स्टुलाचा पाय मोडला होता, म्हणून बाईंनी गोठ्यातलं लोखंडी स्टूल आणलं. फरशी नुकतीच धुतलेली. चुलीवरचा बल्ब आठवड्यापूर्वी उडाला होता, तो काढून ठेवलेला, आणि रिकाम्या होल्डरात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. बाईंना ते दिसलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अवं, बटण बंद हाय नव्हं?"

"व्हय!"

मी बंदच होतो. सगुणाबाई, चढू नका! नका हो! त्यांनी बोटाला ओला कपडा गुंडाळला आणि ते बोट होल्डरात घातलं.

एक किंकाळी आली. स्टूल उलटलं. बाई बाजूला पडल्या, आणि नशीब एवढंच की तिथं धुवायला काढलेल्या गोधड्यांचा ढीग होता. वैष्णवी धावत आली. सासूचा हात चोळत ती रडायलाच लागली. बाईंची बोटं काळीनिळी झालेली, दंड थरथरतोय, तोंडातून शब्द फुटेना. घटकाभरानं त्या पाणी प्यायल्या तेव्हा घरात जीव आला. वैष्णवीनं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, हात बांधून परत आणलं.

गेणबा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मला बघितलं. बंद. डोळे वटारून म्हणाले, "बंद असूनबी करंट सोडतंय. बटणच सडलंय!"

घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला राग आला, पण त्याहून आशा जास्त वाटली. म्हटलं, काढा मला, फेका उकिरड्यावर, पण त्या निमित्तानं बोर्ड उघडा, तारा तपासा! गेणबांनी मेन बंद केला आणि मला काढलं. वैष्णवीनं हौसेनं मागवलेली सोनेरी काठाची काचेसारखी बटणाची प्लेट कपाटात होतीच. त्यांनी माझ्या दोन तारा नव्या बटणाला जशाच्या तशा जोडल्या. प्लेट काय चकाकत होती! आणि तिच्यामागं तोच घात.

"आता बिनघोर पुसा," गेणबा म्हणाले.

सगुणाबाईंनी मला उचललं ते फेकायला नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी, हात गळ्यात बांधलेला असताना, त्या मला पदरात गुंडाळून पिरंगुटला निघाल्या. इलाहीभाईंच्या फळीवर मला आपटून म्हणाल्या, "इलाहीभाई, तुमी दिल्यालं बटण बेइमान निघालं! मरता मरता वाचले मी."

इलाहीभाईंनी त्यांचा हात बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मला फळीवरच्या टेस्टिंगच्या दिव्याला जोडलं. दाबलं, दिवा लागला. बंद केलं, दिवा गेला. दहा वेळा. मग मला उघडून आतली पट्टी बघितली, पुन्हा मिटलं.

"वहिनी, बटण चांगलंय. ह्याच्यात काय बी दोष न्हाई." त्यांनी मला बाजूला ठेवलं. "मागच्या खोल्यांची लाइन कुणी वढली?"

"कोण वढणार? घरधनी."

"आन् आत्ता घरात पुसापुशी कोण करतंय?"

"वैष्णवी. ऱ्हायलेलं उरकते म्हनली."

"या अल्ला! वहिनी, फोन लावा तिला. कुणी हात लावू नका म्हनावं!"

फोन वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा वाजला. इलाहीभाईंनी टेस्टर खिशात टाकला, समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "दुकानाकडं बघा जरा," आणि मोटारसायकलला किक मारली. सगुणाबाई मागं बसल्या, मी त्यांच्या मुठीत. पिरंगुट ते भरे हे अंतर ते कितीसं, पण मला ते संपेचना. वाटेत दोन ट्रक आडवे, एक म्हशींचा कळप. बाई पुटपुटत होत्या, "आईभवानी, पोर सांभाळ, पोर सांभाळ."

घरात शिरलो तेव्हा वैष्णवी त्याच लोखंडी स्टुलावर चढलेली होती. एका हातात ओला कपडा, दुसरा हात वर. मोबाइल पलीकडच्या खोलीत, चार्जिंगला.

"वैष्णे!" सगुणाबाई एवढ्यानं ओरडल्या की पोरीच्या हातातला कपडाच गळून पडला. "खाली उतर! आदी खाली उतर!"

ती उतरली. इलाहीभाईंनी चपला घातल्या, स्टुलावर कोरडी फळी टाकून तिच्यावर उभे राहिले, नवं बटण बंद असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि टेस्टरचं टोक होल्डरात टेकवलं. टेस्टरमधला बारका दिवा लालभडक लागला.

वैष्णवी भिंतीला टेकून खालीच बसली. गेणबा दारात उभे होते. इलाहीभाई हळूच म्हणाले, "तारा उलट्या लागल्यात, गेणबाभाऊ. साऱ्या घराच्या. सा वरीस."

मला वाटलं, आता हे वायरीला शिव्या देणार, नाहीतर वायर बनवणाऱ्याला. गेणबांचे ओठ हललेही. पण त्यांची नजर बायकोच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडं गेली, मग सुनेकडं गेली, आणि मग एकदम मागच्या दाराकडं.

"खोल्या," ते म्हणाले. "इलाही, खोल्यांत बी तीच लाइन गेलीय."

त्यांनी धावत जाऊन मेन पाडला. मग सगुणाबाईंच्या मुठीतून मला घेतलं आणि मागच्या चार खोल्यांकडं निघाले. उभ्या जन्मात या माणसानं कुणाला 'चुकलं' म्हटलं नव्हतं. पहिल्या दाराची कडी वाजवली. मला तळहातावर धरून म्हणाले, "हे बटण चांगलं हुतं. जोडणारा मी. चूक माझी हाय. लाइन नीट हुईस्तवर दिव्याला हात लावू नका." दुसऱ्या दारात तेच म्हणाले, तिसऱ्यातही तेच. त्यांच्या हाताला घाम सुटला होता, मी निसटत होतो.

चौथ्या खोलीत अनिमेष राहतो, लांबच्या मुलखातून कंपनीत कामाला आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साधेपणानं म्हणाला, "काका, बल्ब तो मैं ही बदलता हूँ. चारों कमरों का. बटन बंद करके."

गेणबा त्याच्या उंबऱ्यावर बसले. गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. अनिमेषला काय करावं कळेना. तो पाण्याचा तांब्या घेऊन नुसता उभा राहिला.

इलाहीभाईंनी संध्याकाळपर्यंत सगळं सरळ केलं, नव्या लाल-काळ्या तारांनी. करंट कुठं गळला की आपोआप लाइन तोडणारी डबीही बसवली. अनिमेषच्या खोलीतलं बटण मोडकळीला आलं होतं, तिथं त्यांनी मला लावलं. सोनेरी काठ नाही, मोर नाही, पण येणारी तार माझ्या ताब्यात आहे.

तरी मला चैन नाही. रस्त्यापलीकडे रोज नवी घरं उभी राहतात, बायामाणसं दुकानात प्लेटांचे रंग निवडतात. निवडा हो, सजवा, ठिपके द्या, अंधारात दिसणारी स्टिकरं लावा! पण एकदा जाणत्या माणसाला बोलावून पाठीमागचं तपासून घ्या. 'लागला न्हवं, मग झालं' म्हणू नका. हात जोडता येत नाहीत मला, नाहीतर जोडले असते.

परवा अनिमेषची बायको गावाहून आली. आल्या आल्या तिनं खोली झाडली, आणि मग कपडा भिजवून तिनं मला खाली-वर करून बघितलं, बंद केलं आणि खुर्चीवर चढली. दाराबाहेरून गेणबा ओरडले, "थांब बाई, मेन पाडतो!" तिला मराठी कळत नव्हतं. ते मेनपर्यंत पोहोचायच्या आत तिनं होल्डर चांगला घासून पुसला, खाली उतरली, आणि बादलीत कपडा पिळत राहिली. तिला काहीसुद्धा झालं नाही.