शिवांजलीचा हुंकार

"आवं मॅडम, ह्याच्यावर तुमचा काय, देवाचा बी इश्वास बसायचा न्हाई," हरिबानं सुरुवात केली आणि डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. पटका उतरला की थापेला भरती येते, हे पलूसकडं त्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सांगलीत, बाल कल्याण समितीच्या खोलीत, ते ठाऊक होतं फक्त शिवांजलीला.

ती त्याची नात. दहा वर्षांची, आईविना. पाठीवरचे भाजल्याचे डाग शाळेतल्या बाईंनी पाहिले, बाल मदतवाहिनीला फोन लावला, आणि पोर मिरजेच्या दवाखान्यातून बालगृहात गेली. बाप जयराज, फौजेतून रिटायर, पोर त्याला दादा म्हणायची; त्याच्यावर केस झाली. पोरीला आज्ज्याच्या ताब्यात द्यायची की नाही, हे आज ठरायचं होतं. एकदा पोर घरात आली की तिचं तोंड आपल्या हातात आणि लेक सुटला, असं हरिबा येताना एसटीतच धरून चालला होता.

गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणारा 'हं' म्हणत राहिला तर सांगणाऱ्याचं गाडं पुढं जातं. बोलायला लागल्यापासून हरिबाला हुंकार देत आली ती शिवांजलीच.

त्यानं गोष्टीत रेडा सोडला. रेडा दावं तोडून गुऱ्हाळात शिरला, उकळत्या काकवीची काहील शिंगांवर घेतली आणि नवरदेवाच्या टोपीसारखी मिरवत उसात घुसला.

"व्हय का न्हाई गं, शिवे?"

"हं," शिवांजली सवयीनं म्हणाली.

समितीतल्या एका सदस्याला हसू आवरेना. हरिबाला चेव आला. रेड्यामागं गुळव्या, गुळव्यामागं कुत्री, काकवीच्या वासानं मुंग्यांची पलटण, आणि बांधावर बिचारी पोर बोरं वेचत पाठमोरी बसलेली. रेड्यानं मान हलवली, काकवी उडाली ती थेट पाठीवर.

"हं."

"पोरगीच हो म्हणतेय की," तो सदस्य म्हणाला. समितीच्या अध्यक्षा उत्कर्षा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पोरीकडं पाहिलं. पोर आज्ज्याच्या पटक्याकडं बघत होती.

आपण जिंकलो, हे हरिबाला कळलं. आता नुसता शेवट गोड करायचा. त्यानं आवाज ओला केला.

"आन जयराज तर घरात बी नव्हता, मॅडम. मी पार मळ्याच्या त्या टोकाला. पर लेकराची हाक मला तितं आईकू आली. तसाच अनवाणी पळालो. आज्ज्याचं काळीज हाय ते."

तो थांबला. हुंकार आला नाही.

"हूं म्हण की गं, शिवे."

शिवांजलीनं मान वर केली. आवाज चढला नाही, की रडू आलं नाही.

"हाक आईकू आली व्हती, आबा. पर तुमी मळ्यात न्हवता, दाराशीच व्हता. दादा उलथनं तापवून आत आला, तवा भायरनं कडी तुमीच लावली."